खुंट्याची खुर्ची

"आधी त्याचं बोलावं, मग आपलं."

हे खांब्याचं पालुपद. बसमध्ये जागेवरून दोन माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली की हा मध्ये उभा राहायचा आणि एकाला म्हणायचा, "थांबा. यांचं म्हणणं काय आहे ते आधी तुम्ही सांगा, यांना पटेल असं. मग तुमचं सांगा." माणसं भांडण विसरून याच्याच तोंडाकडे बघत राहायची. एकदा कंडक्टरनं ते ऐकलं आणि म्हणाला, "बरं, मग आधी माझं बोला. मी काय म्हणतोय?"

"तिकीट काढा," खांब्या म्हणाला.

"शाब्बास! आता आपलं बोला. कुठं जायचंय?"

सगळी बस हसली. खांब्याही हसला. पण त्या प्रश्नावर तो क्षणभर अडखळला होता, आणि तो का अडखळला हे त्या बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं एकच माणूस होतं. ती होती गावातली इस्त्रीवाली. तिनं हे पालुपद दोन पोरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यातला एक तिच्या पोटचा होता.

खांब्या हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. उंचीच तशी होती. लहानपणापासून इतक्या चौकटींनी त्याचं कपाळ शेकलं होतं की शेवटी कपाळच शहाणं झालं. दार दिसलं की मान आपोआप खाली जायची, मनाला पत्ताही लागायचा नाही. बाप न्हावी. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "दुसऱ्यांची डोकी मी वाकवतो, माझ्या पोराचं डोकं दारं वाकवतात."

इस्त्रीवालीचा मुलगा याच्या कोपराला लागायचा. दोघं कायम बरोबर, म्हणून विद्यापीठात एकाचा खांब्या झाला आणि दुसऱ्याचा खुंट्या. खुंट्याला त्याचा राग नव्हता. "खांब नुसता उभा असतो," तो म्हणायचा. "खुंटीला काहीतरी टांगता तरी येतं."

विद्यापीठ टेकडीवर होतं. तत्त्वज्ञानाचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली. टाकी भरायला लागली की भिंतीतून गळगळ आवाज यायचा, आणि म्हातारे सर खडू खाली ठेवून म्हणायचे, "थांबा. वरच्यांचं चाललंय. आधी त्यांचं ऐकू." मुलं हसायची. पण त्या विभागाचा सगळा जीव त्या थट्टेतच होता.

तिथली रीत अशी. शेवटच्या वर्षाला जोड्या लावायच्या. जोडीतल्या दोघांची मतं एकमेकांविरुद्ध हवीत. वर्गाच्या मध्ये दोन खुर्च्या समोरासमोर, एक एकाची, एक दुसऱ्याची. परीक्षेच्या दिवशी आपण आधी जोडीदाराच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचं मत मांडायचं; तोंडदेखलं नाही, तर जणू आपला जन्म त्याच मतात गेला आहे असं. जोडीदार मागं उभा राहून ऐकणार. त्याला वाटलं की हो, हेच माझं, तर तो मान हलवणार. मान हलली की मगच उठून आपल्या खुर्चीत यायचं आणि उत्तर द्यायचं. मान हलली नाही तर उत्तर देण्याचा हक्क नाही. तुमचं उत्तर कितीही बिनतोड असो, ते घेऊन घरी जा.

खुंट्याचं मत त्याच्या आईच्या लाँड्रीत जन्मलं होतं. तो म्हणायचा, "माझी आई कोपरावरच्या चुण्या बघून शर्ट कुणाचा ते सांगते. चिठ्ठी लागत नाही तिला. म्हणजे माणूस शर्टात उतरतो की नाही? तसाच तो दुसऱ्याच्या बोलण्यात उतरतो, वागण्यात उतरतो. माणूस म्हणजे त्याची रीत. ती रीत कुणी पुरेपूर उचलली, तर तो माणूस तिथं आहे, असंच म्हणायला हवं."

"आणि शर्ट धुतला की?" खांब्या विचारायचा.

खुंट्या घसा खाकरायचा, उजव्या कानाची पाळी चोळायचा आणि म्हणायचा, "मान्य. पण अर्धंच."

हे त्याचं नेहमीचं. सगळं मान्य, पण अर्धंच. खांब्याचं मत याच्या उलट. त्याला वाटायचं, माणसाच्या आत एक जागा अशी असते की तिथं दुसऱ्या कुणाला पाय टाकता येत नाही, आईलासुद्धा नाही. दोघं त्यावर टेकडीच्या उतारावर बसून तासन्‌तास भांडायचे आणि मग एकाच सायकलवरून खाली यायचे.

लाँड्री होती रस्त्याच्या पातळीच्या खाली. पायऱ्या उतरून जायचं. चौकट बुटकी, तिची वरची कड लोकांच्या हातांनी आणि कपाळांनी काळी चकचकीत झालेली. आत गेलं की आधी वाफ. मग जाड कांबळं गुंडाळलेलं लांब टेबल, टेबलामागं इस्त्रीवाली, आणि तिच्यामागं दांड्यांवर लटकलेले शर्ट, रांगेनं, गप्प. आतल्या अंगाला यंत्रांवर तिची नणंद असायची. वाफेनं नणंदेची नजर अधू झाली होती, जीभ मात्र शाबूत होती. नवरा गेला तेव्हा इस्त्रीवालीचा मुलगा रांगतही नव्हता. या दोन बायकांनी मिळून त्याला वाढवलं. टेबलाशेजारी साबणाचं एक रिकामं खोकं उलटं घातलेलं असायचं. तेच त्याचं बसणं, तीच त्याची शाळा.

असा पोरगा तत्त्वज्ञान शिकायला गेला तेव्हा इस्त्रीवाली म्हणाली, "तत्त्वज्ञानानं कॉलर ताठ होते का?"

"आई, ती ताठ कशाला हवी, हे विचारतं ते."

"विचारत बसा. वकिलाचे शर्ट संध्याकाळी द्यायचेत, ते कोण विचारणार?"

ही थट्टाच होती. पण थट्टा हळूहळू कडू होत गेली. शेवटच्या वर्षी त्यानं सांगितलं की पुढंही हेच शिकणार, दूरच्या विद्यापीठात जाईन म्हणतो. त्या दिवशी तिच्या हातात ओल्या चादरी होत्या, पाठ दुखत होती, आणि तोंडून निघून गेलं, "मग राहा जा तुझ्या त्या खुर्च्यांत. इथं कामाची माणसं येतात." त्या दिवशी त्यानं 'अर्धंच' म्हटलं नाही. पायऱ्या चढून वसतिगृहात गेला आणि आलाच नाही. तीही हट्टी. येईल, भूक लागली की येईल.

मग एका सकाळी टेकडीखालच्या तिठ्यावर ट्रकनं त्याची सायकल उडवली.

तिठ्यावरून एक रस्ता लाँड्रीकडं येतो आणि एक स्टेशनकडं जातो. तो ऐन मध्यावर पडला होता. चाक कुठं वळलं होतं, हे सायकल दुरुस्तीवाल्यालाही सांगता आलं नाही, आणि त्याचं दुकान तर तिथंच. बरोबर एक पिशवी होती, तिच्यात थोडे कपडे. आईकडं धुवायला आणले असतील. गाडीनं दूर जायला घेतले असतील. पिशवी गटारात पडली होती. जिचा जन्म कपड्यांत गेला, जी नुसत्या वासावरून सांगायची की हा शर्ट घातलेला आहे की धुतलेला, तिनं ते कपडे एकेक करून नाकाशी धरले. सगळ्यांना एकच वास होता, गटाराचा.

तेव्हापासून ती घरात कमी आणि त्या तिठ्यावर जास्त राहू लागली. देहानं टेबलामागंच असायची. पण इस्त्री पुढं नेली की एका रस्त्याला जायची, मागं ओढली की दुसऱ्या.

विभागात सर खांब्याला म्हणाले, "दुसरा जोडीदार देतो."

"नको, सर. त्याचं बोलायचं राहिलंय माझं."

"अरे, मान कोण हलवणार?"

टाकीचं पाणी भिंतीतून गळगळत राहिलं. सर म्हणाले, "रीत मोडता येत नाही. पण रीतीत एवढंच आहे की त्याचं म्हणणं ओळखणाऱ्यानं मान हलवावी. त्याला सगळ्यात जास्त कोण ओळखत होतं?"

म्हणून खांब्या मान वाकवून लाँड्रीच्या दारातून आत आला.

"मावशी, एक काम होतं."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं इस्त्री थांबवली नाही. "मला तुमचं काही कळत नाही, बाबा. मी आणि मान हलवू?"

"कळायला नको. खुंट्या असंच बोलला असता का, एवढंच सांगायचं."

"बोल."

तो त्या साबणाच्या खोक्यावर बसला. गुडघे हनुवटीला लागले. आधी चाचरला. मग घसा खाकरून, कुठंतरी खाली बघत बोलायला लागला. चुण्या, कोपर, शर्टात उतरलेला माणूस. मध्येच त्यानं स्वतःच एक शंका काढली आणि स्वतःच म्हणाला, "मान्य. पण अर्धंच."

आतून नणंदेचा आवाज आला, "आलास का रे? किती दिवसांनी! हात धू आधी."

आणि लगेच यंत्राचा खटका बंद झाला. नणंद पडद्याआडून पुढं आली, वाफेत डोळे बारीक करून उभी राहिली, आणि तिला खोक्यावर खांब्या दिसला. तिनं पदर तोंडाला लावला. इस्त्रीवालीच्या हाताखाली काहीतरी करपल्याचा वास आला. वकिलाच्या कॉलरवर तांबडा डाग उमटला होता. इतक्या वर्षांत पहिला.

"असाच बोलायचा ना, मावशी?"

असाच बोलायचा. शब्द न्‌ शब्द असाच. तिची मान हलायला निघाली होती. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की मान हलली की हा उठणार. खोक्यावरून उठणार, आपल्या खुर्चीत जाणार आणि आपलं बोलणार. मग हे बोलणं पुन्हा कुणाच्या तोंडून येणार?

"नाही," ती म्हणाली. "असा नव्हता बोलत. उद्या ये."

तो उद्या आला. परवा आला. रोज दुपारच्याला, गिऱ्हाईक नसताना येऊ लागला. ती रोज नाही म्हणायची आणि रोज काहीतरी सांगायची. घसा असा नाही, दोनदा खाकरायचा. कान उजवा. हसू आलं की आधी नाक फुगायचं. चिडला की आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. खांब्या ते सगळं मन लावून घ्यायचा. खुंट्याला न्याय द्यायचा असेल तर त्याचं अर्धवट सांगून चालणार नाही, असा त्याचा प्रामाणिक हट्ट. आणि इस्त्रीवाली एखाद्या शर्टाला खळ घालावी तशी त्या पोराला आपल्या पोराची खळ घालत होती. वाळत गेला की तोच आकार धरत होता.

ती त्याच्याशी बोलायलाही लागली. "जेवलास का?" विचारायची. तो खुंट्याच्या आवाजात "हो गं" म्हणायचा. दांडीवरचे शर्ट वाफेनं हलके हलायचे. त्या दुपारी इस्त्रीवालीला तिठा आठवायचा नाही.

एका दुपारी पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दारात धाडकन आवाज झाला. खांब्याचं कपाळ चौकटीवर आपटलं होतं. तो कपाळ धरून उभा, टेंगूळ डोळ्यांदेखत वर येत होतं.

"अरे, वाकायचं नाही का?" इस्त्रीवाली हसली.

तो गोंधळून चौकटीकडं बघत म्हणाला, "वाकायचं लक्षातच आलं नाही."

तिचं हसू तिथंच विरलं. या दारातून न वाकता येणारा, न वाकता जाणारा एकच होता.

खांब्या गेल्यावर नणंद बाहेर आली. "वहिनी, हे बरं नाही चाललं."

"काय बरं नाही, वन्सं? पोरगा येतो, बसतो. अभ्यास आहे त्याचा."

"अभ्यास त्याचा, आणि पास तुम्ही होताय. मला काय दिसत नाही? दिसत नाहीच मला, पण ऐकू येतं. परवा मी त्याला 'खांब्या' म्हणून हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. दुसऱ्याचं लेकरू आहे ते."

"माझं कुणी परत दिलं होतं का?"

नणंद वळली. आत जाऊन तिनं यंत्र सुरू केलं आणि त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मग न्हावी आला. हातात दुकानातल्या पांढऱ्या कापडांचं गाठोडं, गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधतात ती. गाठोडं टेबलावर ठेवून तो तसाच उभा राहिला.

"परवा देते," इस्त्रीवाली म्हणाली.

"घाई नाही." तो टोपी हातात फिरवत होता. "ताई, आमचा पोरगा तुमच्याकडं येतो."

"येतो."

"तुमच्यावर जे कोसळलंय, त्यापुढं मी बोलू नये. माझ्या पोरानं उरलेला जन्म तुमच्याकडं पाणी भरलं तरी माझी ना नाही." "पण परवा माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, भांग दुसऱ्या बाजूनं पाडा. मी पाडला. आरशात बघितलं तर माझ्याच कात्रीखाली परका पोरगा. तेही चालेल, केस आहेत, वाढतील. पण तो मला हाक मारताना अडखळतो, ताई. 'बाबा' म्हणायचं असतं, आणि जीभच वळत नाही. जणू तो शब्द त्यानं कधी उच्चारलेलाच नाही."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली.

तिच्या मुलानं तो शब्द कधीच उच्चारला नव्हता. उच्चारायला समोर कुणी नव्हतंच. ही गोष्ट तिनं खांब्याला शिकवली नव्हती. ती त्यानं आपणहून उचलली होती, जशी वाफ आपणहून कापडात शिरते. पहिल्यांदाच तिला त्या लाँड्रीत गार वाटलं. आपण एकाला बोलावतो आहोत आणि दुसरा जातो आहे; कुठं जातो आहे ते मात्र दिसत नाही.

"उद्या संपवते मी," ती न्हाव्याला म्हणाली. "तुमचा पोरगा तुमच्याकडं येईल."

पण संपवायच्या आधी तिला एकच घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी खांब्या आला. कपाळावर नवं टेंगूळ, जुन्याच्या शेजारी. खोक्यावर बसला. तिनं इस्त्री बंद केली, टेबलाला वळसा घालून त्याच्यापुढं खाली बसली.

"आज मान हलवते," ती म्हणाली. "एकच विचारते, तेवढं सांग. त्या सकाळी तिठ्यावरून तू कुठं वळणार होतास?"

आतलं यंत्र थांबलं.

त्यानं दोनदा घसा खाकरला. हात उजव्या कानाकडं गेला. "मी..." तो म्हणाला, आणि तो आवाज इतका तिच्या मुलाचा होता की तिनं डोळे मिटून घेतले. "अगं, मी..."

वाफ खाली बसत होती. कुठंतरी एक थेंब पडला, मग दुसरा. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. हवं तर खोटं सांग, ती मनात म्हणत होती, पण ह्याच आवाजात सांग.

डोळे उघडले तेव्हा त्याचा हात कानावरून खाली आला होता.

"मावशी," तो आपल्या आवाजात म्हणाला, जाड आणि चाचरत्या. किती दिवसांत तिनं तो ऐकला नव्हता. "हे माझ्याकडं नाही."

"बोल की. एवढं सगळं बोललास. हेच का नाही?"

"शोधलं मी. आत्ता शोधलं. त्याचं सगळं सापडतं, हे नाही सापडत. घरी येत होतो असं म्हणालो असतो, तर तुम्ही मान हलवली असती. त्यानं हलवली असती का?"

"मला त्याच्याशी काय करायचंय? मी आहे ना इथं! मी आई आहे त्याची!"

"म्हणूनच नाही म्हणता येत."

"चालता हो." ती उठली. तिचा आवाज फाटला होता. "मान नाही हलवणार मी. राहा जा तुझ्या त्या खुर्च्यांत. इथं..."

पुढचे शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबले. तेच शब्द, तेच दार, आणि पायऱ्या चढून जाणारी पाठ. तिनं तोंडावर हात दाबला. खांब्या दारात क्षणभर थांबला, आणि गेला. कपाळ वाजलं का, हे तिला ऐकू आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सकाळी ती टेकडी चढली, मध्ये दोनदा बसली. वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा वर्ग भरलेला होता. भिंतींचा रंग पोपडे धरलेला, फळा पुसून पुसून करडा. मधोमध दोन खुर्च्या. त्यातल्या एकीचा हात कुणीतरी सतत चोळल्यासारखा गुळगुळीत होता. कुणाची ते तिला सांगावं लागलं नाही. सरांनी तिला त्या खुर्चीच्या मागं उभं केलं.

खांब्या आला. तिच्याकडं बघितलं नाही. खुंट्याच्या खुर्चीत बसला आणि बोलायला लागला.

ती त्याचा फक्त माथा बघत होती, दुसऱ्या बाजूनं पाडलेला भांग. आवाज मात्र सगळा वर्ग भरून उरला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं आपला हात शेजारणीच्या हातात दिला. चुण्या आल्या, कोपर आलं, चिठ्ठीवाचून शर्ट ओळखणारी आई आली. इस्त्रीवालीला पहिल्यांदा कळलं की आपला मुलगा इतकी वर्षं इथं येऊन आपल्याबद्दल बोलत होता.

"...म्हणून मी म्हणतो," आवाज थांबला, "रीत राहिली, तर माणूस राहिला."

सरांनी तिच्याकडं बघितलं. "बाई, हे त्याचं म्हणणं का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. वर टाकीत पाणी पडू लागलं आणि भिंतीतून ती गळगळ उतरली. या वेळी सरांनी थट्टा केली नाही. तिच्यापुढं ते डोकं होतं. ती गप्प राहिली असती तर ते डोकं तिथंच राहिलं असतं, उद्याही, परवाही, तिच्या खोक्यावर. न्हाव्याची टोपी तिला दिसली, त्याच्या हातात गोल गोल फिरणारी.

तिनं मान हलवली.

खांब्या उठला. ते चार पावलांचं अंतर चालताना त्याला धाप लागली. तो स्वतःच्या खुर्चीत बसला. मग बोलला ते तुटक, कुरूप, जड जिभेनं.

"माझ्याकडं त्याचा घसा आहे. कान आहे. थट्टा आहे. त्याच्या आईनं मला एक प्रश्न विचारला. साधाच. तू कुठं निघाला होतास? मी त्याच्यात सगळीकडं शोधलं. नव्हतं उत्तर. मला वाटलं मी कमी पडलो. मग वाटलं, नाही. हे त्यानं कुणालाच दिलेलं नाही. मला नाही, आईला नाही. ते त्याचं आहे, आणि ते घेऊन तो गेला." त्यानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. "खुंट्या, मी तुझ्या खुर्चीत बसलो. खुर्ची भरली. तू नाही आलास रे."

रीतीप्रमाणं आता जोडीदारानं एक वाक्य बोलायचं असतं. कुणाला ते सुचलं नाही, की सगळ्यांनाच सुचलं. वर्ग त्या खुर्चीकडं बघत राहिला. खुर्चीनं काही म्हटलं नाही. पण नंतर त्या वर्गातला जो तो हेच सांगायचा, की आपण ते ऐकलं. दोनदा घसा, आणि मग ते तीन शब्द.

इस्त्रीवालीनं काय ऐकलं ते तिनं कधी सांगितलं नाही.

टेकडी उतरताना दोघं बरोबर होते. तिनं त्याच्या हाताचा आधार घेतला होता. त्याला दूरच्या गावी शाळेत शिकवायला बोलावलं होतं. निकाल लागला की जायचं. तो चालता चालता सांगत होता, ती ऐकत होती.

तिठ्यावर ती थांबली. "तू इथून जा. स्टेशनावर चौकशी करायचीय ना गाडीची?"

"तुम्हाला घरी सोडतो, मावशी."

"मला माहीत आहे घर." मग म्हणाली, "त्या दिवशी तू खोटं बोलला असतास, तर मी जन्मभर तुझे पाय धरले असते. आणि जन्मभर तुला सोडलं नसतं."

तिनं त्याचा हात सोडला.

"जा. आधी बापाकडं जा, मग स्टेशनावर. हाक मार त्याला नीट."

खांब्या निघाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पत्र्याची पडवी रस्त्यावर आली आहे, बुटकी, कडेला गंजलेली. दुकानदार चाकाला हवा भरत होता, त्यानं मान वर करून बघितलं. इस्त्रीवाली श्वास धरून उभी होती. पडवी जवळ आली. खांब्या आपल्याच विचारात होता, पावलं लांब पडत होती. ऐन कडेपाशी त्याची मान आपोआप खाली गेली, पत्रा डोक्यावरून निघून गेला, आणि पलीकडं ती पुन्हा वर आली.

तो वळणावर दिसेनासा झाला तरी ती तिठ्यावर उभी होती. दुकानदारानं तिला बसायला स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. एकदा ती त्या रस्त्याकडं बघत होती आणि एकदा या.